एकाच ओळीतले दोन शब्द

शिवराम खडपकरांना इंग्रजी येतं, ही गोष्ट ठाकुर्लीच्या बाजूच्या त्या चार मजली मैत्री सोसायटीत इतकी पक्की मानलेली होती, की खुद्द खडपकरांनाही तिच्याबद्दल कधी शंका आली नव्हती. विम्याचं पत्र आलं, दाखवा खडपकरांना. बँकेने काही छापील पाठवलं, दाखवा खडपकरांना. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलीला कॅनडातलं स्थळ सांगून आलं, तेव्हा मुलाची माहिती आधी खडपकरांनी वाचली आणि मग मुलीने. कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचा, कागद हातभर लांब धरायचा, ओठ हलवत एकदा शेवटपर्यंत जाऊन यायचं आणि मग एका वाक्यात निकाल द्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. त्या निकालावर अपील कुणी केल्याचं ऐकिवात नाही.

हे इंग्रजी त्यांनी कमावलं ठाण्याला, कोर्टाच्या फाटकाशी, एका मोठ्या छत्रीखाली. चौतीस वर्षं त्यांनी तिथे टाइपरायटर बडवला. प्रतिज्ञापत्रं, मृत्युपत्रं, मुखत्यारपत्रं, भाडेकरार. वकील सांगेल ते टाइप करायचं. त्यामुळे त्यांचं इंग्रजी होतं दणकट, पण जरा एकाच चालीचं. नातीच्या वाढदिवसाच्या पत्राची सुरुवातही ते 'धिस इज टू सर्टिफाय' अशी करतात, असं त्यांच्या पत्नी सुमतीबाई चारचौघांत सांगायच्या, आणि त्यात मीठमसाला अगदी थोडा असायचा.

आता कोर्टाच्या इंग्रजीला एक खोड आहे. तिथे शब्द सहसा एकटा येत नाही, सोबतीला दुसरा घेऊन येतो. 'नल अँड व्हॉइड.' 'राइट, टायटल अँड इंटरेस्ट.' नवीन असताना खडपकरांनी एका वकिलाला विचारलं होतं, "साहेब, यात फरक काय?" वकील घाईत होता. "काही नाही रे, एकच गोष्ट दोन-तीनदा म्हणायची, म्हणजे समोरच्याला पळवाट राहत नाही," असं म्हणून तो काळा कोट सावरत निघून गेला. खडपकरांनी ते कायमचं गाठीला बांधलं. तेव्हापासून एका ओळीत लागोपाठ आलेले शब्द म्हणजे त्यांच्या लेखी एकाच माणसाची नावं. या सवयीने चौतीस वर्षांत कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडायची वेळ आली ती दुसऱ्या मजल्यावरच्या शांताबाई रोकड्यांवर.

शांताबाई एकोणसत्तर वर्षांच्या. एमआयडीसीतल्या एका औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्यात पॅकिंगच्या लाईनवर त्यांचं आयुष्य गेलं होतं. बाई मोठी खमकी. विहारात कार्यक्रम असला की बायकांना रांगेत बसवायचं काम त्यांच्याकडे, आणि त्यांनी नुसतं पाहिलं तरी बायका सरकून बसायच्या. अशा बाईला ताप आला, लघवीत जंतू निघाले, पाच दिवस हॉस्पिटलात काढावे लागले. ताप उतरला आणि त्या घरी आल्या, पण आल्या त्या शांताबाई नव्हत्याच. मुलाला त्या मेलेल्या नवऱ्याच्या नावाने हाक मारू लागल्या. कोऱ्या भिंतीवर मुंग्या दाखवू लागल्या. दिवेलागणीला पर्स काखेला मारून दारात उभ्या राहायच्या, की कंपनीची बस आली, हॉर्न वाजतोय, सोडा मला.

घरी आल्याच्या संध्याकाळीच त्यांचा एकुलता एक मुलगा राजरत्न हॉस्पिटलचं कार्ड घेऊन खडपकरांकडे आला. राजरत्न लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होता. ठाण्यापासून बदलापूरपर्यंत कुठेही लिफ्ट अडकली की त्याचा फोन वाजायचा. शाळेच्या दाखल्यापासून नोकरीच्या अर्जापर्यंत त्याचा प्रत्येक इंग्रजी कागद याच टेबलावरून गेलेला.

"काका, हे काय लिहिलंय बघा ना. मॅडम राउंडला आलेल्या तेव्हा मी मुंब्र्याला अडकलेलो. स्वप्ना होती, पण तिला पण नीट नाही कळलं. कन्फ्युजन राहील थोडं, असं काहीतरी बोलल्या म्हणे."

खडपकरांनी चष्मा खाली घेतला. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'अक्यूट डिलिरियम'. शब्द ओळखीचा होता. पालकत्वाच्या अर्जांमध्ये एक ठरलेली ओळ असायची, ती त्यांनी शंभर वेळा तरी टाइप केली असेल: 'सफरिंग फ्रॉम डिलिरियम, डिमेन्शिया ऑर एनी अदर अनसाउंडनेस ऑफ माइंड'. एकाच ओळीत, एकाला खेटून एक. म्हणजे डिलिरियम तेच डिमेन्शिया. आणि डिमेन्शिया म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. त्यांचे थोरले भाऊ धोंडूदादा गावी, देवगडकडे, त्याच आजाराने गेले होते. शेवटी शेवटी त्यांना हातात दिलेल्या भाकरीचं काय करायचं तेही कळत नसे. आणि अक्यूट म्हणजे तर जोराचा.

"बरी होईल ना, काका?" राजरत्नने विचारलं.

इथे 'डॉक्टरांना विचार बाबा' असं म्हणता आलं असतं. पण हे ऐकायला कुणी जिना चढून येत नाही, आणि खडपकरांना न येणारा शब्द म्हणजे त्यांच्या अब्रूचा प्रश्न. ते गंभीर आवाजात म्हणाले, "राज, हा डिमेन्शिया आहे. यात माणूस मागे येत नाही. वाढतच जातं. मनाची तयारी ठेव."

राजरत्न कार्ड घडी करून घेऊन गेला. जाताना जिन्याच्या कठड्याला धरून तो थोडा वेळ थांबलेला खडपकरांनी दारातून पाहिला. त्यांना फार वाईट वाटलं, खरंच वाटलं.

तुम्ही म्हणाल, आजकालचा मुलगा, त्याने फोनवर नाही का पाहिलं? पाहिलं ना. अर्धी अर्धी रात्र पाहिलं. पण त्याने शोधला तो काकांनी सांगितलेला शब्द. कार्डावर काय लिहिलंय याच्याकडे त्याने परत पाहिलंच नाही. फोनने त्याला डिमेन्शियाबद्दल जे जे वाईट सांगण्यासारखं होतं ते सगळं इमानदारीने सांगितलं, आणि सकाळी आईने त्याला बापाच्या नावाने हाक मारली की फोनवरचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोर खरं व्हायचं.

स्वप्ना, त्याची बायको, ठाण्याला एका चष्म्याच्या दुकानात नोकरीला. तिची रजा संपली. एका दुपारी शांताबाई गॅस तसाच चालू ठेवून खाली रस्त्यावर गेल्या, रिक्षावाल्याने ओळखून परत आणलं म्हणून बरं. आंबिवलीच्या पलीकडे अशा म्हाताऱ्या माणसांना सांभाळणारी एक संस्था आहे, असं कुणीतरी राजरत्नला सांगितलं. तो जाऊन पाहून आला. जागा स्वच्छ होती, माणसं प्रेमळ होती, आणि एकदा आत घेतलं की शेवटपर्यंत बघतो असं ते म्हणाले होते. हे 'शेवटपर्यंत' सांगताना राजरत्नचा आवाज फुटला. दाखल करून घ्यायला मुलाचं प्रतिज्ञापत्र लागत होतं. ते करून देणारं माणूस अर्थातच खडपकर.

शनिवारी बारा वाजता तिथे पोचायचं ठरलं. शुक्रवारी दुपारी खडपकरांनी कागद तयार केला, सोबत हॉस्पिटलच्या कार्डाची झेरॉक्स लावली आणि काम हातावेगळं केल्याच्या समाधानात ते चहाला बसले. सुमतीबाईंनी कप जरा आपटूनच ठेवला.

"शांताबाईंना वाचून दाखवलंत?"

"त्यांना काय कळणार आता?"

"ते तुम्ही बघू नका. एरवी कोर्टातल्या गप्पा सांगता, की ज्याच्याबद्दल कागद त्याला मी ऐकवल्याशिवाय सोडत नव्हतो. मग आता?"

हे खरं होतं. इतर टायपिस्ट कागदाच्या तळाशी 'वाचून दाखवले, समजले, बरोबर आहे' अशी ओळ नुसती छापून मोकळे व्हायचे. खडपकर खरोखर वाचून दाखवायचे, पक्षकार कितीही घाईत असला तरी. शनिवारी सकाळी नऊ वाजता ते कागद घेऊन एक जिना खाली उतरले.

स्वप्नाने दार उघडलं. ती कामावर जायला निघाली होती, डोळे सुजलेले. "हे मित्राची गाडी आणायला गेलेत, काका. बसा तुम्ही. आई सकाळी बऱ्या असतात, दुपारनंतर फिरतात." एवढं बोलून तिने सासूच्या पायांना हात लावला आणि मागे न बघता जिना उतरली.

शांताबाई खिडकीशी खुर्चीत बसून चहात खारी बुडवत होत्या. "या भाऊ. वहिनी बऱ्या आहेत?"

खडपकर खुर्चीच्या कडेवर टेकले, घसा साफ केला आणि मराठीत सांगू लागले. वाक्य ऐन मध्यावर आल्यावर त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटायला लागला. "…की माझ्या आईस स्मृतिभ्रंशाचा आजार असून तो बरा होण्यासारखा नाही, आणि ती स्वतःचे बरेवाईट समजण्यास असमर्थ आहे." शेवटी सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "समजलं?" आणि त्यांनी जीभ चावली.

"समजलं की." शांताबाईंनी खारीचा उरलेला तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला. "बरेवाईट समजण्यास असमर्थ. म्हणजे मी. कधीपासून म्हणे?"

"झाले… आठ-दहा दिवस."

"तापाच्या आधी होतं का?"

तापाच्या आधल्या रविवारी याच बाईने सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला उभा-आडवा घेतला होता.

"आधी नव्हतं," ते म्हणाले.

"आमच्याकडे एखादी बॅच खराब निघाली ना भाऊ, तर आधी बघायचे पावडर कुठली आली, दमटपणा किती होता. मशीन नव्हते लगेच भंगारात काढत." त्यांनी कप खाली ठेवला. "कधी जायचंय?"

"बारा वाजता तिथे पोचायचंय."

"बरं." मग त्या जरा पुढे झुकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ते मघापासून कोपऱ्यात उभे आहेत, त्यांना पण चहा विचारा. मला ओळखू येईनात कोण ते." कोपऱ्यात कुणी नव्हतं. इस्त्रीचं टेबल होतं.

कागद टेबलावर ठेवून आणि शेजारणीला शांताबाईंजवळ बसवून खडपकर जिना चढून वर आले ते पायरी-पायरीवर थांबत. धोंडूदादाचं असं नव्हतं झालं. दादा सहा वर्षांत गेला, हळूहळू. आधी वार विसरला, मग बाजारातून घरी यायची वाट, मग माणसं. आणि जे गेलं ते परत कधी आलं नाही, सकाळी बरा आणि दुपारी नाही, असं तर कधीच नाही. आठ दिवसांत कुणाचं एवढं सगळं जातं का? आणि गेलेलं माणूस दमटपणाचा मुद्दा काढतं का?

कपाटावरच्या ट्रंकेमागे त्यांचा जाडा इंग्रजी-मराठी शब्दकोश होता. गेल्या वीस वर्षांत त्यांनी तो उघडला नव्हता, कारण उघडायची गरज आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. त्यांनी तो फडक्याने पुसून टेबलावर घेतला. दोन्ही शब्द डी-मध्ये, चार पानांच्या अंतरात. आधी त्यांनी डिमेन्शिया पाहिला: बुद्धीचा कायमचा, वाढत जाणारा ऱ्हास. मग बोट मागे सरकवत डिलिरियमवर आणलं: ताप, विषबाधा इत्यादी कारणांनी काही काळ होणारा बुद्धिभ्रंश, बरळणे, वात.

'काही काळ' हे शब्द त्यांनी तीन वेळा वाचले. त्यांचे कान तापले.

सुमतीबाई मागे येऊन उभ्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण कोशातलं मराठी वाचता येत होतं. "वात?" त्या म्हणाल्या. "अहो, म्हणजे शांताबाईंना वात झालाय होय! आमच्या आईला टायफॉइडात झालेला. मेलेल्या माणसांशी गप्पा मारायची. पंधरा दिवसांनी उठली आणि पहिलं काय विचारलं असेल तर कोंबड्या कोंडल्या का." मग त्यांना एकदम उमगलं. "आणि तुम्ही त्या पोराला काय सांगितलंत?"

खडपकरांनी राजरत्नला फोन लावला, तो वाजत राहिला. खाली जाऊन पाहिलं तर रोकड्यांच्या दाराला कुलूप. फाटकाशी मित्राची गाडीही नव्हती. मुलाने वेळेच्या आधीच निघायचं ठरवलेलं दिसत होतं.

आता सरळ आंबिवली गाठावी, असं कुणालाही वाटेल. पण खडपकरांचा त्या क्षणी स्वतःच्या वाचण्यावर काडीचा भरवसा उरला नव्हता. एकदा छातीठोकपणे सांगून हे झालं, आता दुसऱ्यांदा छातीठोकपणे काय सांगायचं? हॉस्पिटल वाटेवर होतं. कार्डाची आपल्याकडची झेरॉक्स घेऊन ते तिथे गेले आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, रांगेतल्या चार माणसांना हात जोडून पुढे घुसले.

डॉक्टर हेमांगी नावाची बाई होती, चाळिशीची, बोलताना समोरच्याकडे नीट बघणारी. तिने झेरॉक्स पाहिली. "शांताबाई! त्या नर्सला गोळ्यांची पाकिटं कशी फाडायची ते शिकवायच्या. कशा आहेत?"

"मॅडम, हा डिमेन्शिया आहे का?"

"नाही हो. कुणी सांगितलं? डिलिरियम आहे. इन्फेक्शन झालं, रक्तातलं मीठ खाली गेलं, त्याने मेंदू गोंधळलाय. अचानक येतं, त्याला आम्ही अक्यूट म्हणतो. आणि कारण गेलं की बहुतेकदा हळूहळू निवळतं. या वयात दोन आठवडे लागतील, कदाचित महिना. मधेच छान बोलतील, मधेच भरकटतील, संध्याकाळी जास्त. झोपेची गोळी वगैरे काही देत नाही ना कुणी?"

देत होते. परवाच शेजारणीच्या सांगण्यावरून राजरत्नने अर्धी गोळी सुरू केलेली खडपकरांना माहीत होती. त्यांनी ते सांगितलं.

"आजपासून बंद. त्याने वाढतं. सोमवारी रक्त तपासायला आणा, मीठ वर आलंय का बघू. चष्मा डोळ्यांवर राहू दे, पाणी पाजा, दिवसा जागं ठेवा. काही भलतंच बोलल्या तर वाद घालू नका, घाबरू तर मुळीच नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांना त्यांच्या घरात, त्यांच्या माणसांत राहू द्या. अशा वेळी जागा बदलली तर फार त्रास होतो त्यांना."

खडपकर उठले ते खुर्ची पाडूनच.

रिक्षावाल्याला त्यांनी आंबिवली सांगितली तेव्हा तो म्हणाला, "काका, पत्रीपुलाला ट्रॅफिक लागेल." "लागू दे," खडपकर म्हणाले, "तू निघ." ट्रॅफिक लागलाच. राजरत्न फोन उचलत नव्हता. गाडी चालवताना तो कधीच उचलत नसे, आणि याच सद्गुणाचं खडपकरांनी अनेकदा जाहीर कौतुक केलेलं होतं. पुलावर गाडी इंच-इंच सरकत असताना ते मनात वाक्य जुळवत होते. 'अनवधानाने झालेल्या गैरसमजापोटी'. नको. 'हॉस्पिटलने पुरेसा खुलासा न केल्यामुळे'. हे बरं होतं. थोडं खरंही होतं. स्वप्नाला नीट समजेल असं कुणी सांगितलं नव्हतं, हे कुणीही कबूल केलं असतं. शहाडपर्यंत ते वाक्य त्यांनी घासूनपुसून लखलखीत केलं. मग त्यांच्या डोळ्यांसमोर जिन्याचा कठडा धरून थांबलेला राजरत्न आला, आणि आपलीच आपल्याला लाज वाटली.

संस्थेच्या आवारात ते पोचले तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. गुलमोहराखालच्या बाकावर शांताबाई बसल्या होत्या, शेजारी एक कापडी पिशवी. आत ऑफिसात राजरत्न टेबलाशी, समोर फॉर्म, हातात पेन. एका पानावर सही झालेली, दुसरं उलटलेलं.

"राज, थांब."

राजरत्न दचकून वळला. "काका? तुम्ही इथे? काय झालं?"

लखलखीत वाक्य घशात होतं. ते तिथेच राहिलं. खडपकर म्हणाले, "मी चुकलो. मला तो शब्द येत नव्हता."

"कुठला शब्द?"

"डिलिरियम. मी तुला डिमेन्शिया सांगितला. तो वेगळा, हा वेगळा. आत्ता डॉक्टरांना भेटून आलोय. आईला तापातला वात झालाय, राज. निवळतो तो. दोन आठवडे, महिना. ती बरी होईल, डॉक्टर म्हणाल्या."

"बरी म्हणजे?"

"बरी. पहिल्यासारखी."

"म्हणजे मला ओळखणार?"

"ओळखेल."

"नक्की?"

"मी म्हणतो म्हणून नको ऐकू," खडपकर म्हणाले आणि फोन पुढे केला. "हा मॅडमचा नंबर. त्यांनी सांगितलंय लगेच लावायला."

राजरत्नने नंबर लावला. तो उभ्याने बोलायला लागला, मग बोलता बोलता खुर्चीत बसला, मग नुसतं "हो… हो मॅडम… हो" असं राहिलं आणि तेही फुटलं. संस्थेतल्या बाईंनी न सांगता फॉर्म ओढून घेतला आणि त्याचे दोन तुकडे करून केराच्या टोपलीत टाकले. "आमच्याकडून असं सामान परत गेलं की आम्हाला आनंदच होतो," त्या म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास त्याच्यासमोर ठेवला.

राग आला तो पाण्यानंतर. "आठ दिवस, काका," राजरत्न म्हणाला. "आठ दिवस मी लिफ्टच्या मशीन रूममध्ये जाऊन रडत होतो. घरात रडता येत नव्हतं म्हणून. तुम्ही बोलला असता ना, नाही माहीत, तर काय झालं असतं?"

"काही झालं नसतं," खडपकर म्हणाले. राजरत्नने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं, उठला आणि बाहेर गेला.

बाकाजवळ जाऊन त्याने आईची पिशवी उचलली आणि तो थबकला. "ही कुठली? तुझी बॅग गाडीत आहे, स्वप्नाने भरलेली. यात काय आहे?" त्याने तोंड उघडून पाहिलं. दोन साड्या, कंगवा, चष्म्याचं घर, आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला त्याच्या लग्नातला फोटो.

"मीच भरली सकाळी," शांताबाई म्हणाल्या. "भाऊ सांगून गेले, बारा वाजता जायचंय म्हणून. म्हटलं, तुला मला सांगायला जमायचं नाही, तू आपला तोंड लपवत फिरशील. तर आपणच तयार होऊन बसावं."

राजरत्न त्यांच्या गुडघ्यांवर डोकं टेकून खाली मातीत बसला. चाळिशीला आलेला माणूस, पण त्या वेळी त्याला कशाचीच लाज उरली नव्हती. शांताबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला. खडपकर पाठ करून गुलमोहराकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी चष्मा बराच वेळ पुसला.

"चल आई, घरी जाऊ," राजरत्न शेवटी म्हणाला. "तुला काही झालं नाहीये. तापाचं आहे, जाईल."

"मग एवढ्या लांब कशाला आणलंस?" शांताबाई उठता उठता म्हणाल्या. "डिझेल फुकट आलंय का?"

परतताना राजरत्न गाडी चालवत होता, शेजारी शांताबाई, मागे खडपकर दोन पिशव्या मांडीवर घेऊन. शहाडचा पूल चढेपर्यंत शांताबाई एकदम नीट होत्या. सूनबाईला फोन कर, ती दुकानात रडत असेल, असं त्यांनी दोनदा सांगितलं. राजरत्नने गाडी बाजूला घेऊन फोन केला, आणि पलीकडून स्वप्ना इतक्या मोठ्याने किंचाळली की मागच्या सीटवर ऐकू आलं. मग दुपारचं ऊन काचेवर आलं, आणि शांताबाईंची नजर हळूहळू कुठेतरी स्थिर झाली. त्या पुढे वाकल्या.

"राजा, सांभाळून चालव रे. बॉनेटवर शेळ्या बसल्यात."

खडपकरांनी आरशात राजरत्नचा चेहरा पाहिला. काल असं काही कानावर आलं असतं तर त्या पोराचा चेहरा राखेसारखा झाला असता. आज त्याने समोरच्या रिकाम्या बॉनेटकडे नीट पाहिलं आणि गाडीचा वेग कमी केला.

"किती आहेत गं?"

"तीन. एक पिल्लू आहे."

"असू दे मग. कल्याण आलं की उतरतील त्या."

शांताबाईंना ते पटलं. त्या मागे टेकून बसल्या. राजरत्न हसत होता, गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. कल्याणला सिग्नल लागला, तेव्हा त्याने गाडी थांबवली आणि शेळ्यांना उतरायला पुरेसा वेळ दिला.